पहिलीत जाण्याआधी लेकराला काय यायला हवं?

ज्युनियर केजीत जाणाऱ्या साडेचार वर्षांच्या लेकराचं दप्तर उघडून बघा. चार रेघांची वही, चौकटीची वही, रंगीत पुस्तकांचा संच आणि डायरीत गृहपाठ: ए ते झेड दोनदा, एक ते पन्नास एकदा, वारांची नावं पाठ. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावातून रिसोडला किंवा मालेगावला व्हॅननं शाळेत जाणारं लेकरू दुपारी दमून परततं आणि संध्याकाळी आई वावरातून आली की ही वही पुढ्यात घेऊन बसतं. आईला अजून स्वयंपाकाला लागायचं असतं. लेकरू छोट्या 'बी'चं पोट उलट्या बाजूला काढतं, खोडतं, पुन्हा उलटंच काढतं. मग आवाज चढतो, एखादी चापट बसते आणि वही ओली होते.

दुसऱ्या घरातलं लेकरू गावातल्याच अंगणवाडीत जातं. त्या घरची चिंता वेगळी असते. "तिथं काय शिकवतात? खिचडी खाऊन घरी येते पोट्टं. याले पहिलीत काही आलं नाही तर?" हा लेख या दोन्ही घरांसाठी आहे.

आईबापांची घाई मला समजते. सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर पुढची पिढी तरेल असं ज्याला वाटत नाही, तो बाप पोटाला चिमटा घेऊन कॉन्व्हेंटची फी भरतो. त्या इच्छेला नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. विचार एवढाच करायचा की त्या फीतून आणि रोजच्या संध्याकाळच्या रडारडीतून लेकराच्या पदरात नेमकं काय पडतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पहिलीसाठी तयारी लागते आणि ती भरपूर लागते, पण वहीत पानंच्या पानं लिहिणं ही ती तयारी नव्हे.

सरकारची अपेक्षा काय आहे ते आधी बघू, कारण डायरीतला गृहपाठ म्हणजेच सरकारी अभ्यासक्रम, असा अनेकांचा समज असतो. केंद्र सरकारनं 5 जुलै 2021 रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात पहिलीच्या आधीच्या वर्षाला बालवाटिका म्हटलं आहे. ते वर्ष संपताना, म्हणजे मूल सहाच्या घरात आल्यावर, त्याला अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत, दहापर्यंतचे अंक ओळखून वाचता यावेत आणि वस्तू किंवा घटना क्रमानं लावता याव्यात, एवढंच उद्दिष्ट आहे. 99 पर्यंतच्या संख्या आणि सोपी बेरीज-वजाबाकी ही उद्दिष्टं पहिलीच्या अखेरीची आहेत. साडेचाराव्या वर्षी पन्नासपर्यंत लिहून घेणारा वर्ग या उद्दिष्टाच्या कितीतरी पुढे धावतोय. पालकांना ती शाळेची हुशारी वाटते. चार-साडेचार वर्षांच्या लेकरांत मात्र ती धाव झेपणारी थोडीच असतात, आणि बाकीच्यांना आपण 'ढ' आहोत हे शाळेच्या पहिल्याच वर्षी कळतं.

हे लोण केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मुलांनी बालवाडीच्या वर्षातच वाचायला शिकावं असं वाटणारे बालवाडीशिक्षक 1998 मध्ये 31 टक्के होते, 2010 मध्ये ते 80 टक्के झाले. डाफ्ना बासोक आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच काळात तिथल्या वर्गांतून चित्रकला, गाणी आणि मनासारखं खेळण्याचा वेळ आक्रसत गेला. उलट फिनलंडमध्ये मूल शाळेत जातं ते सातव्या वर्षी, त्याआधीचं वर्ष खेळत शिकण्याचं असतं, आणि म्हणून तिथली मुलं पुढे मागे पडल्याचं काही दिसलेलं नाही. आपल्या राज्यात 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले. त्या वादात राजकारणाचा आवाज मोठा होता, पण सहा वर्षांच्या मुलावर किती लादायचं हा त्यातला खरा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

महाराष्ट्राला खरं तर हे कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं आणि 1945 मध्ये ते काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यात नेलं. तिथं त्यांना कळलं की मॉंटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नाहीत. म्हणून बिया, शिंपले, पानं, दगड, माती यांतूनच साधनं उभी राहिली. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अनुताई वाघ यांच्या साथीनं मुलांच्या अंगणातच वर्ग भरले आणि अंगणवाडी ही कल्पना रुजली. आज ज्या अंगणवाडीला आपण 'खिचडीची शाळा' म्हणतो, तिच्या मुळाशी हे एवढं मोठं काम आहे.

पुरेसा पाऊस पडल्याशिवाय, साधारण 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय, सोयाबीन पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवर पेरणारा शेतकरी दुबार पेरणीच्या खाईत सापडतो. लेकराच्या लिहिण्याचंही असंच आहे. ओल खालपर्यंत गेली का, हे आधी बघायला हवं. ते कसं बघायचं, हे आता सांगतो.

हात

कोरा कागद आणि जाड खडू द्या. तुम्ही एक गोल काढा आणि लेकराला तसाच काढायला सांगा. तीन वर्षांच्या आसपास मूल बघून गोल काढतं. बेरजेची खूण, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, चारच्या सुमारास जमते. चौकोन साडेचार ते पाचला येतो, त्रिकोण पाचच्या पुढे, आणि पतंगाचा तिरपा आकार सहा-सातपर्यंत अनेकांना जमत नाही. आता 'क' लिहून बघा. उभी रेघ, डावीकडे एक वळण, उजवीकडे वेगळं वळण, वर शिरोरेघ. ज्या हाताला अजून चौकोनाचे कोपरे सापडत नाहीत, त्याला हे वळण ओढायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेस्तोवर दाबतं, आणि ती चुकीची पकड पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

या हाताला ताकद लागते आणि ती पेन्सिलीनं येत नाही. कणकेचे गोळे वळणं, तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, रुमाल पिळणं, सदऱ्याची बटणं स्वतः लावणं, मोठ्या मण्यांची माळ ओवणं, ही कामं रोज एखादं तरी करू द्या. वेळ लागेल, सांडेल, तरी करू द्या. झाडावर चढणं आणि दोरीला लोंबकळणं यांनी खांदा घट्ट होतो, आणि खांदा घट्ट असल्याशिवाय बोटं स्थिर राहत नाहीत. लिहायचंच असेल तर अंगणातल्या मातीत बोटानं किंवा पाटीवर मोठ्या आकारात लिहू द्या. चार रेघांची वही पाचच्या आत नको.

मोजणी

ताटलीत हरभऱ्याचे आठ दाणे ठेवा आणि विचारा, किती आहेत? बरीच लेकरं धडाधडा "एक दोन तीन चार" म्हणत दहावर जातात, पण बोट तेवढ्या वेळात पाच दाण्यांवरच फिरलेलं असतं. तोंडातला आकडा आणि बोटाखालचा दाणा यांची गाठ पडलेली नसते. या लेकराला शंभरपर्यंत म्हणता येत असलं तरी मोजता येत नाही. आता दुसरी गोष्ट करा. पाच दाणे जवळजवळ ओळीत मांडा, त्याखाली पाच दाणे लांब लांब मांडा. कुठे जास्त? चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांबवर पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवलं. मूल इथं मंद नसतं, त्याच्या विचाराची ती पायरीच असते. रागावून ती पायरी गाळता येत नाही. मूल दाणे हाताळत राहिलं की ती आपोआप ओलांडली जाते.

म्हणून दहापर्यंतच थांबा, पण दहा पक्के करा. जेवायला किती जण बसणार, ताटं किती मांडायची, दोन पाहुणे आले तर किती वाढवायची, टोपलीतल्या भाकरी किती उरल्या. तूर आणि हरभरा मिसळून दोन वाट्यांत निवडायला द्या, कुठल्या वाटीत जास्त आहेत ते आधी अंदाजानं सांगायला लावा, मग मोजा. मराठीत वीसच्या पुढची संख्यानामं तशीही अवघड आहेत, बावीसमध्ये दोन आधी आणि वीस मागून येतात. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ती सुधारणा पटो न पटो, अडचण खरी होती, आणि ती दुसरीतल्या मुलांची होती. आपण तीच पाचाच्या आतल्या लेकरावर टाकतोय.

कान आणि बोलणं

वाचनाची सुरुवात डोळ्यानं होत नाही, कानानं होते. शब्दातला पहिला आवाज सुटा ऐकू आला की अक्षर शिकणं सोपं जातं. यासाठी पुस्तक लागत नाही. एसटीत बसल्यावर खेळा: 'मो'पमध्ये जो आवाज पहिल्यांदा येतो तो आणखी कुठल्या गावात येतो? मालेगाव, मेहकर, मांगूळ. रिसोडचा आवाज? रिठद. केनवडचा? करडा. मग घरातल्या माणसांची नावं घ्या, भाज्या घ्या, ढोरांची नावं घ्या. हा खेळ महिनाभर रंगला की एके दिवशी 'म' हे अक्षर पाटीवर काढून दाखवा. लेकरू ते सहज पकडतं, कारण त्याच्या कानात ते आधीच असतं. अक्षरंही अआइई या क्रमानं पाठ करवू नका. लेकराच्या नावातली अक्षरं आधी, मग आईच्या नावातली.

सगळ्यांत मोठी तयारी म्हणजे बोलणं. लेकराला पुरं वाक्य बोलायला लावणारे प्रश्न विचारा. "शाळा झाली का?" याचं उत्तर "हो" एवढंच येतं. "आज कोणासंग खेळला? तो काहून रडला? मग बाईनं काय केलं?" असं विचारलं की घटना क्रमानं सांगावी लागते, आणि निपुणच्या उद्दिष्टात क्रम लावणं आहेच. आजी-आजोबांची गोष्ट रोज एक तरी व्हावी, तीच गोष्ट शंभरदा झाली तरी चालेल. वाचता येणाऱ्या आईबापांनी स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळावरची मराठी चित्रपुस्तकं फोनवर उघडून, लेकराला मांडीवर घेऊन वाचावी, ती फुकट आहेत. वाचता येत नसेल तर चित्र बघून गोष्ट रचावी, लेकराला फरक पडत नाही. मात्र फोन लेकराच्या हातात देऊन आपण बाजूला व्हायचं नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे. इंग्रजी बालगीतं लावून दिली म्हणजे इंग्रजी येतं, हा भ्रम आहे. फोन बोलतो, पण लेकराचं ऐकून त्याला उत्तर देत नाही.

घरी वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीच बोला. पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं 2022 मध्ये लहान मुलांचं शिक्षण घरच्या भाषेतून व्हावं असंच म्हटलं आहे. लेकराला शेकडो शब्द येत असतील, त्यांत नीट विचार करता येत असेल, तर इंग्रजी त्यावर चढतं. शाळा इंग्रजी माध्यमाची निवडली असेल तरी घरातली भाषा तोडू नका.

जन्मतारीख

राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, नर्सरीसाठी तीन. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं लेकरू एकाच बाकावर येतं. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा एक साडेसहाच्या जवळ असतं, दुसरं जेमतेम साडेपाचचं. या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठं अंतर. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या 2019 च्या लहान वयोगटाच्या पाहणीतही पहिलीतली वयानं लहान मुलं भाषा, गणित आणि विचार या सगळ्यांत मागे दिसली होती. तुमचं लेकरू ऑक्टोबर ते डिसेंबरचं असेल तर त्याची तुलना शेजारच्या फेब्रुवारीतल्याशी करू नका, आणि वर्गशिक्षकांना त्याचं वय आवर्जून सांगा. नियम किमान वयाचा आहे, त्यामुळे तब्येतीनं किंवा बोलण्यानं मागे असलेल्या लेकराला बालवाडीत आणखी एक वर्ष देण्याचा विचार शिक्षकांशी बोलून जरूर करा. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे, आजच्या कितीतरी आजोबांची जन्मतारीख तीच आहे. आता जन्मदाखला असतो. वर्ष वाचवायला त्यात फेरफार करण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा भार लेकराच्याच डोक्यावर येतो.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेणाऱ्या शाळेला शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 नुसार पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुणी "आधी याला लिहून दाखवू द्या" म्हणालं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. हा कायदा सहा वर्षांपासून पुढच्यांचा आहे. त्याआधीच्या खासगी वर्गात काय चाललंय यावर लक्ष ठेवणारे तुम्हीच.

अंगणवाडीकडून काय मागायचं

अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार, वजन-उंची, गरोदर माता, लसीकरण, मोबाइलवरच्या नोंदी असा कामाचा डोंगर असतो. तरीही तिच्याकडे शाळापूर्व शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. राज्याचा 'आकार', आणि आता केंद्राचा 'आधारशिला'. महिन्यातून एकदा अर्धा तास जाऊन बसा. आज कोणतं गाणं झालं, मुलांनी गोष्ट सांगितली का, खेळाचं साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात, एवढं बघा. "एबीसीडी कधी शिकवता?" हा प्रश्न विचारू नका. पालकच तो विचारतात म्हणून चांगली सेविकाही खेळ गुंडाळून ओरडून पाठांतर घ्यायला लागते. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, रिकामे डबे, कापडाचे तुकडे घरून नेऊन द्या, ताराबाईंचं साहित्य याहून वेगळं नव्हतं.

जिल्हा परिषद शाळांत 2022 पासून 'पहिले पाऊल' नावानं शाळापूर्व तयारी मेळावे होतात. शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी असे टेबल मांडलेले असतात आणि मूल एकेका टेबलावर खेळत पुढे जातं. मेळाव्यातून गावातल्या मातांचे गट तयार होतात, त्यांना घरी करायच्या कृती सांगितल्या जातात. लेकरू कॉन्व्हेंटला जाणार असलं तरी मेळाव्याला न्या. कुठे हात थांबतो, कुठे बोलणं अडतं, हे तिथं तासाभरात दिसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. फळ्यावरचं न दिसणारं आणि नीट ऐकू न येणारं मूल घरी 'आळशी' ठरतं, आणि चष्मा लागला किंवा कान तपासला की सहा महिन्यांत त्याची चाल बदलते. चार वर्षांनंतरही बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, नाव घेतल्यावर मूल वळून बघत नसेल, तर पहिलीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

राहिला आजचा गृहपाठ. लेकरू आधीच लिहिण्याचा मारा करणाऱ्या वर्गात असेल तर शाळा बदलण्याआधी बाईंशी बोला, आणि एकट्यानं जाऊ नका, त्याच वर्गातल्या दोन-तीन आयांना सोबत घ्या. भांडायचं नाही. सरळ म्हणायचं: "मॅडम, घरी लिहिण्याऐवजी आम्ही रोज एक गोष्ट सांगतो आणि दाणे मोजतो. डायरीत तसं लिहून सही करून पाठवतो. वर्गातही अर्धा तास खेळ वाढवता येईल का?" पुष्कळ शिक्षिकांनाही हेच हवं असतं. गृहपाठ दिला नाही तर पालक नाराज होतात, ही भीती त्यांना असते. तरी पान पूर्ण करावंच लागलं तर एका ओळीत थांबा, बाकीच्या ओळी तुम्ही कोऱ्या सोडल्या असं डायरीत स्वच्छ लिहा, आणि लेकराला अंधार पडण्याआधी बाहेर खेळायला पाठवा.